काजव्यांच्या फोटोंसाठी टायमर रिमोट ३४ सेकंदांवर ठेवा

जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, पुरुषवाडीकडे काजव्यांचं झाड टिपताना टायमर रिमोट (ठरलेल्या वेळाने कॅमेऱ्याचं शटर आपोआप दाबणारं उपकरण) लावूनही निम्मेच फोटो येतात. रिमोट बिघडलेला नसतो. शटर ३० सेकंद उघडं ठेवायला सांगितलं, तरी बऱ्याच कॅमेऱ्यांत ते प्रत्यक्षात ३२ भरतात. मध्यांतर, म्हणजे रिमोटच्या दोन इशाऱ्यांमधला वेळ, ३१ ठेवलं, की पुढचा इशारा शटर उघडं असतानाच येतो आणि वाया जातो.

१. उजेड असतानाच झाडावर फोकस करून लेन्स मॅन्युअलवर टाका.
२. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर, शटर ३० सेकंद, ड्राइव्ह सिंगल (एका इशाऱ्याला एकच फोटो).
३. रिमोटवर सुरुवातीची वाट १० सेकंद (ट्रायपॉडचा हादरा थांबतो), दाब १ सेकंद, मध्यांतर ३४. फोटोंची संख्या अमर्याद.
४. कॅमेऱ्यातलं 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' (लांब वेळाच्या फोटोतले ठिपके कमी करणारी सोय) बंद करा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते चालू असेल तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ अडकून बसतो.

नंतर सगळे फोटो संगणकावर एकावर एक रचायचे, म्हणजे सगळी चमक एकाच फोटोत दिसते.

रिमोटच्या लुकलुकत्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावा आणि बॅटरी, मोबाइलचा उजेड झाडावर अजिबात पाडू नका. काजवे चमकायचे थांबतात, शेजारच्याचा फोटोही जातो.