लंब रेषेचं समीकरण, चढ न काढता

काल भाचीला गणित शिकवताना परत तेच झालं, दिलेल्या रेषेला लंब रेषेचं समीकरण काढायचं तर आधी चढ (रेषा किती तिरकी ते सांगणारा आकडा) काढा, मग उलटा करा, मग चिन्ह बदला, आणि शेवटचं चिन्ह ती दरवेळी विसरते. म्हणून ही सोपी युक्ती.

समजा रेषा ३एक्स + ४वाय = १२ आहे आणि लंब रेषा (२, ५) मधून जायला हवी. एक्स आणि वायच्या आधीचे आकडे अदलाबदल करायचे आणि मधलं एकच चिन्ह फिरवायचं, झालं, ४एक्स − ३वाय = काहीतरी. ते काहीतरी म्हणजे बिंदू टाकून येतं तेच, ८ − १५ = −७. उत्तर ४एक्स − ३वाय = −७. चढ −३/४ आणि ४/३, गुणाकार −१, म्हणजे बरोबर.

वाय = २एक्स + ३ असं दिलं असेल तर आधी एक्स-वाय एका बाजूला आणा हं, नाहीतर सगळा गोंधळ. आणि एक्स = ५ सारख्या उभ्या रेषेला चढच नसतो, तिथे चढवाली पद्धत अडकते, ही नाही, वायचा आकडा शून्य धरा, सरळ वाय = काहीतरी येतं.

खात्रीसाठी पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून आलेख कागद आणून दोन्ही रेषा काढून बघा, पण दोन्ही अक्षांवर प्रमाण सारखंच घ्या, नाहीतर काटकोन आपल्या पेठांतल्या चौकांसारखा तिरका दिसेल.