झाडावरची वेल काढताय? आधी या चुका टाळा

परड्यातल्या आंब्यावर चढलेली गुळवेल मी एका श्रावणात बुडातून तोडली आणि काम झालं म्हणून हात धुतले. गणपतीच्या आधी आंब्याखाली गवत कापायला गेलो, तर वरून सुतळीएवढ्या पाच-सहा हिरवट दोऱ्या लोंबत होत्या. एक तर जमिनीपासून वीतभर वर येऊन ठेपलेली. गवत कापायला आलेला गडी हसला. "सावकार, ही अमृतबळ्ळी. बूड तोडून मरती होय ही?"

गुळवेलीचं कानडी नाव अमृतबळ्ळी, आणि ते तिला शोभतं. जाड खोडात पाणी साठवलेलं असतं, त्यामुळे जमिनीशी नातं तुटलं तरी वरचा भाग महिनोन्‌महिने हिरवा राहतो आणि हवेतूनच मुळं खाली सोडतो. ती मातीला टेकली की वेल पुन्हा चालू. ओळखायला सोपी आहे: पान हृदयाच्या आकाराचं, खोडावर कागदासारखी सुटणारी पातळ साल आणि बारीक पुटकुळ्या, आडवा काप घेतला की गाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी. ती काढायची तर वरचा पसारा हाताला येईल तेवढा उतरवा, जमिनीतलं मूळ खणून काढा, आणि उरलेल्या भागाच्या लोंबत्या मुळ्या दर पंधरा दिवसांनी कापत राहा. तुकडे कुंपणावर भिरकावू नका, तिथंच रुजतात. (घरात औषधाला लागते म्हणून एखादी ठेवायचीच असेल तर परड्याच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबावर ठेवा, आंब्यावर नको.)

बाकीच्या साध्या वेलींना एवढं लागत नाही. एक काप गुडघ्याजवळ, दुसरा हात पोचेल तिथं, मधला तुकडा काढून टाकायचा. वरची वेल आपोआप वाळते. पण इथंच सगळ्यात मोठी चूक होते: कापल्या कापल्या दोघं-तिघं मिळून वेल खाली ओढतात. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या काजूच्या बागांत हे सर्रास दिसतं. काजूची फांदी ठिसूळ, वेलीबरोबर तीही कडाडून खाली येते, आणि मोहराच्या दिवसांत ओढलीत तर वर्षाचं पीकही. वेल दोन-तीन महिने तशीच सोडा. पानं गळतात, पकड सैल होते. मात्र उन्हाळाभर वाळकी वेल झाडावर ठेवू नका. माळावरचं गवत पेटलं तर तीच आगीला शिडी होते. फेब्रुवारीपर्यंत सुटेल तेवढी काढून घ्या.

दुसरी चूक कोयत्याची. वेल खोडाला चिकटलेली असते, आपण जोरात घाव घालतो आणि वेलीबरोबर झाडाची सालही जाते. काजूच्या बुंध्याला जखम झाली की खोड पोखरणाऱ्या अळीला आयतं आमंत्रण. वेलीमागे लाकडाची चपटी पाचर सरकवा आणि छोट्या करवतीनं कापा. साल गेलीच, तर जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवा, लोखंडी बादली नको.

अमरवेलीचा प्रकारच वेगळा. पिवळ्या शेवयांचा गुंता, पान नाही, जमिनीत मूळ नाही. बूड शोधत बसाल तर सापडायचं नाही, कारण ती झाडाच्या फांदीतूनच रस ओढते. ती विळ्यानं ओरबाडली आणि तुकडे खाली शेवरीवर पडले की तिथं नवी वेल. खाली ताडपत्री अंथरा, जिला ती चिकटली आहे ती डहाळीच कापा आणि सगळं गोळा करून जाळा. हे बी धरण्याआधी व्हायला हवं, कारण तिचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं.

बांडगुळाला आमच्याकडे कित्येक जण वेलच समजतात. ती वेल नाही, पक्ष्यांनी चिकटवलेल्या बियांतून फांदीत घुसलेलं झुडूप आहे. नुसतं खुडलं तर आतून पुन्हा फुटतं. ते जिथं घुसलंय त्याच्या फूटभर अलीकडून, म्हणजे खोडाच्या बाजूनं, फांदीच कापायची. जीव तुटतो, पण इलाज नाही.

तणनाशकाचा मोह तर टाळाच. हिरव्या सालीवर किंवा खालच्या पानांवर तुषार गेले की वेलीआधी झाडच पिवळं पडतं. शिवाय ग्लायफोसेट या तणनाशकाच्या वापरावर केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये निर्बंध घातले आहेत.

खाजकुइलीला शेंगा पिकल्यावर हात लावू नका. फुलात असतानाच काढा, पूर्ण बाह्या घालून. विजेच्या तारेला पोचलेली वेल आपण तोडायचीच नाही, हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) लाइनमनला बोलवा. आणि गडी लावणार असाल तर सुपारीवरच्या मिरवेलींना (काळ्या मिरीच्या वेलींना) आधी लाल चिंध्या बांधून ठेवा. हे मी एकदा विसरलो. चार वर्षांची मिरवेल बुडातून साफ कापलेली पाहिल्यावर गड्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

हे सगळं आपल्या मालकीच्या झाडांपुरतं. भीमगड अभयारण्याला लागून शेतं असलेल्यांनी बांधापलीकडच्या वेलींना हात लावू नये. तिथल्या जाडजूड वेली शेकरूची आणि माकडांची वाट असतात, आणि अभयारण्यात तोड करणं गुन्हा आहे.

आपल्या शेतात मात्र मिरगाचे दोन-तीन पाऊस पडले की कापलेल्या बुडख्यांवरून एक फेरी मारा. त्या वेळी कोंब इतके कोवळे असतात की कोयता न्यावाच लागत नाही, नखानं खुडले तरी पुरतं.