दिवा लागेना, मग लिंकर ओरडला

उद्यमबागेतल्या एका कारखान्यासाठी छोटा कंट्रोलर बोर्ड करतोय. लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), त्यात माझा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड. बोर्डावरचा हिरवा दिवा हवा असेल तर लागेल, नसेल तर नाही, म्हणून तो भाग ‘इफडेफ’मध्ये, म्हणजे ठरावीक नाव डिफाइन असेल तरच कोड घेणाऱ्या अटीत टाकला. बिल्ड सुरळीत झाला, पण दिवा काही लागेना.

कारण साधं होतं. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये असा पर्याय ‘वाय’ (कर्नलमध्येच), ‘एम’ (मॉड्यूल, म्हणजे वेगळा लोड होणारा तुकडा) किंवा ‘एन’ (नको) ठेवता येतो. एलईडीचा पर्याय मी ‘एम’ ठेवला होता. तसं केलं की नुसतं कॉन्फिगचं नाव डिफाइन होत नाही, त्याच्यामागे ‘मॉड्यूल’ लागलेलं नाव होतं. माझी ओळ गुपचूप वगळली गेली होती! ‘इज एनेबल्ड’ वापरलं, त्याला वाय आणि एम दोन्ही चालतात. आता लिंकर, म्हणजे कोडचे तुकडे एकत्र जोडणारा प्रोग्राम, ओरडायला लागला: अनडिफाइन्ड रेफरन्स, बोलावलेलं फंक्शन सापडत नाही. बरोबरच आहे म्हणा. ड्रायव्हर कर्नलच्या पोटात आणि तो बोलावतोय बाहेरच्या मॉड्यूलमधलं फंक्शन, ते लिंक करताना सापडणार कुठून?

मधे तासभर लाइट गेली. खानापुरात पावसाळ्यात हे ठरलेलंच. चहा पीत वहीत तक्ता मांडला, तेव्हा डोक्यात शिरलं.

केकॉन्फिगमध्ये, म्हणजे हे पर्याय आणि त्यांच्या अटी लिहिलेल्या फाइलमध्ये, एकच ओळ घातली: ‘डिपेंड्स ऑन एलईडीएस_क्लास || !एलईडीएस_क्लास’ (‘||’ म्हणजे किंवा, ‘!’ म्हणजे उलट). दिसायला वेडगळ, पण एमचं उलट एमच होतं, त्यामुळे एलईडी एम असेल तर ड्रायव्हरलाही वाय होता येत नाही. जुनं कॉन्फिग नव्या अटींनुसार तपासणारं ‘मेक ओल्डकॉन्फिग’ चालवलं, ड्रायव्हर आपोआप एमवर आला. मग वाय, एम, एन तिन्ही करून पाहिले, एकही एरर नाही. दिवा लागला. थोरल्या वहिनींना दाखवला, त्या म्हणाल्या, “एवढ्यासाठी दोन दिवस?”