शटरच्या वर पिंपळपानाची जाळी: लेझर कटिंगने दुकानाचा दर्शनी भाग

सोलापूरच्या नवी पेठेतल्या चादरींच्या दुकानाचा गाळा धरू. रुंदी दहा फूट, शटरच्या डब्यावर तीन फुटांची पट्टी. तिथे पानाफुलांचं छापील व्हिनाइल लावलं तर तिथल्या उन्हात ते फिकट पडतंच. त्याऐवजी 2 मिमी एमएस (साध्या पोलादाच्या) पत्र्यात पिंपळपानाची जाळी कापून घ्या.

वहीत जपलेलं जाळीदार पान असेल तर उत्तम. नसेल तर निबर पान तीन-चार आठवडे पाण्यात कुजवा, मऊ ब्रशने गर काढा आणि वाळवा. काळ्या कागदावर ठेवून 600 डीपीआयला स्कॅन करा आणि इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमधल्या ‘ट्रेस बिटमॅप’ने रेषा काढून घ्या.

ते ट्रेसिंग मात्र तसंच कापायला देऊ नका. 12 सेंमीचं पान 90 सेंमी केलं तरी केसासारखी शीर एक मिलिमीटरही भरत नाही, आणि एवढी बारीक पट्टी लेझरच्या उष्णतेने पिळवटते. शिरांच्या तीनच जाड्या ठेवा: मधली 30 मिमी, तिला फुटणाऱ्या 14, त्यांना जोडणाऱ्या 6. बाकीच्या पुसा. पिंपळाच्या पानात कित्येक बारीक शिरा मध्येच संपतात. तिथे त्यांना गर धरून ठेवतो, पत्र्यात ते टोक लोंबकळतं, वाकतं, पुसताना फडकं अडकतं. म्हणून प्रत्येक सुटं टोक पुढच्या शिरेला नेऊन मिळवा. पानाची खरी ताकद या बंद घरांच्या जाळ्यात आहे: एक शीर तुटली तरी पाणी दुसऱ्या वाटेने पोचतं. पत्र्यातही भार तसाच वाटला जातो. निसर्गातून घ्यायची ती ही रचना. नुसता पानाचा आकार घेतला तर हाती फक्त नक्षी उरते.

पट्टीचे 1010 × 915 मिमीचे तीन पॅनल करा, मध्ये 10 मिमी फट. भोवती 25 मिमीची भरीव कड सोडा, स्क्रू तिथेच बसतील. एकूण 35 टक्के भाग उघडा ठेवला तर एक पॅनल साडेनऊ किलोच्या आसपास भरतो.

लेझर मशीनला द्यायच्या डीएक्सएफ (रेखाचित्राच्या) फाइलमध्ये एकावर एक पडलेल्या रेषा काढून टाका, नाहीतर मशीन तीच रेघ दोनदा कापतं आणि कड जळते. फाइलच्या कोपऱ्यात 100 मिमीची एक रेघ ठेवा. लेझरवाल्याकडे ती मोजली की एककाचा (मिमी की इंच) घोळ पत्रा कापण्याआधीच सापडतो.

नावाची पाटी याच आखणीत बसवा. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनुसार देवनागरी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. उठावाच्या अक्षरांत शिरोरेषा सगळा शब्द एकसंध धरते, अनुस्वार तेवढा वेगळ्या पिनेवर बसवावा लागतो. आरपार कापलेल्या अक्षरांत उलटं होतं: ‘ब’, ‘व’ यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो, त्याला 5 मिमीचा पूल द्या.

मागे उजेडासाठी 3 मिमी दुधी अॅक्रिलिक लावताना 4 मिमीच्या स्क्रूला 8 मिमीचं भोक ठेवा. अॅक्रिलिक पोलादाच्या जवळपास सहापट प्रसरण पावतं. एवढ्या रुंदीत 40 अंशांच्या फरकाला ते जवळजवळ 3 मिमी वाढतं. भोक घट्ट असेल तर मे महिन्यात शीट फुगतं आणि भोकापासून तडकतं.

पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला भुकटीचा रंग. पॅनल भट्टीत मावायला हवेत, म्हणून कापण्याआधी कोटिंगवाल्याच्या भट्टीचं माप विचारा. ऑक्सिजनवर कापलेल्या कडेवर ऑक्साइडची पापुद्री राहते आणि पावडर तिच्यासकट सोलली जाते. नायट्रोजनवर कापून घ्या किंवा कड घासून काढा. कोटिंगखाली झिंक प्रायमर हवाच.

चौकट 25 × 25 मिमी चौकोनी पाइपची करा आणि फास्टनर काँक्रीटच्या बीममध्येच ठोका. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत ते सैल होतात, तिथे केमिकल अँकर (भोकात रेझिन भरून चिकटवलेला बोल्ट) वापरा. जाळी भिंतीपासून 100 मिमी पुढे ठेवली की धूळ झटकता येते, पण बाजूच्या फटी बारीक जाळीने बंद करा, नाहीतर पारवे घरटं करतात. चौकटीच्या खालच्या कडेला पिंपळपानाच्या शेपटीसारखी खाली उतरता पत्र्याचा ओठ द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून थेंबाथेंबाने सुटेल, शटरच्या डब्यात शिरणार नाही.