पातेल्यात चिनी वनौषधी, किटलीत इंग्रजी चहा

चिनी वनौषधी आणि इंग्रजी पद्धतीचा चहा एकत्र करायचा म्हटलं की आपला हात सवयीने पातेल्याकडे जातो. पाणी, आलं, पावडर सगळं एकदम टाकायचं आणि खळाखळा उकळायचं. आपल्या दुधाच्या चहाला ते शोभतं, इथे मात्र तिथेच बिघडतं. मूळ, साल आणि सुकं फळ यांना मंद आचेवर दहा ते वीस मिनिटं लागतात, चहाच्या पानाला चार पुरतात आणि फुलाला उकळी सोसतच नाही. म्हणून आधी काढा करायचा आणि मग तोच उकळता काढा पाण्याच्या जागी वापरून किटलीत चहा करायचा.

हा मेळ काही ओढूनताणून आणलेला नाही. दक्षिण चीनमधल्या कँटनी चहाघरांत पु-अर हा मुरवलेला चिनी चहा आणि शेवंतीची सुकी फुलं एकाच किटलीत घालायची रीत जुनी आहे. आन्हुई प्रांतातला कीमुन हा काळा चहा तर इंग्रजांच्या न्याहारीच्या मिश्रणात पूर्वापार वापरला गेला आहे.

चहा अख्ख्या पानाचा घ्या, ऑर्थोडॉक्स आसाम किंवा कीमुन. रोजची सीटीसी पावडर दाणेदार असते. ती दोन मिनिटांत सगळा कडकपणा सोडते आणि वनौषधीची चव झाकून टाकते. घरात तीच असेल तर मात्रा निम्मी करा आणि दीड-दोन मिनिटांत गाळा.

किटली चिनीमातीची, ६०० ते ७०० मिलिलिटरची पुरते. ती आधी तापवणं इंग्लंडात शिष्टाचार वाटत असेल, नाशकात ती गरज आहे. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर असल्याने इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. ते थंड किटलीत ओतलं की आणखी काही अंश जातात. मग चहाला रंग येतो, पण अंग येत नाही. निफाडचा पारा घसरतो त्या दिवसांत तर हे लगेच कळतं. कपभर उकळतं पाणी किटलीत घालून मिनिटभर फिरवा, ओतून द्या आणि लगेच पानं टाका. वर टी-कोझी, म्हणजे किटलीची कापडी टोपी, नसेल तर जाड टॉवेल गुंडाळा. ‘माणशी एक चमचा आणि एक किटलीसाठी’ हा इंग्रजी हिशेब इथे सोडून द्या. काढ्याला स्वतःचीच चव असते, किटलीचा तो जादा चमचा तिला मारतो.

थंडीसाठी आलं आणि लाल बोर. बाजारात याला ‘रेड डेट्स’ म्हणतात, पण खजुराशी त्याचा संबंध नाही. हे आपल्या बोराच्या जातकुळीतलं सुकं फळ आहे. दोन जणांसाठी चार फळं घ्या, उभी चिरून बी काढा. साल चिवट असते, अख्खं फळ टाकलं तर गोडवा आतच राहतो. ८ ग्रॅम आल्याच्या पातळ चकत्या करा, किसू नका, किसलेल्या आल्याने काढा गढूळ होतो. ६०० मिलि पाणी घालून झाकण ठेवा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा. साधारण ४५० मिलि उरतं. गाळा, पुन्हा एकदा कडक उकळी आणा, तापवलेल्या किटलीत ५ ग्रॅम आसाम पानांवर ओता आणि चार मिनिटं झाकून ठेवा. दूध प्रत्येक कपात वरून, दोन मोठे चमचे.

यात दूध फाटतं ते बहुतेक वेळा आल्यामुळे. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं. नीट उकळलं की ते निकामी होतं, म्हणून ती वीस मिनिटं कमी करू नका आणि शेवटी ‘वास येऊ दे’ म्हणून कच्चं आलं किसून टाकू नका. रेड डेट्स मिळाली नाहीत तर बिया काढलेल्या दोन खारका घ्या. चव वेगळी येते, पण दुधाशी जमते. उन्हात वाळवलेली गावरान बोरंही चांगली लागतात, फक्त ती आंबट असतात, त्यामुळे तो चहा बिनदुधाचाच प्यावा.

शेवंती आणि गोजी बेरी (बारीक लाल सुकं फळ) यांचा चहा चिनी परंपरेत थंड मानतात, म्हणजे तो आपल्या मार्च ते मेच्या दुपारचा. तापवलेल्या किटलीत २ ग्रॅम कीमुन, आठ-दहा छोटी सुकी फुलं आणि एक मोठा चमचा धुतलेली गोजी घाला. उकळी आलेलं ४०० मिलि पाणी मिनिटभर थांबून ओता आणि तीन मिनिटांत गाळा. जास्त ठेवलं तर फुलांचा कडवटपणा उतरतो आणि मग साखरेनेही तो जात नाही. दूध नको. फुगलेली गोजी कपात घ्या, ती खायचीच असते. फुलं आणि गोजीवर पुन्हा गरम पाणी घालून दुसरा हात घेता येतो. त्यात चहाची पानं नकोत, म्हणून पहिल्यापासूनच पानं वेगळ्या गाळणीत ठेवा.

फुलं खाण्यासाठी म्हणून विकली जाणारीच हवीत. पंचवटीतल्या फुलबाजारातली हाराची शेवंती किंवा दिंडोरी तालुक्यातल्या पॉलिहाऊसचा गुलाब कपात घालू नका. ती पिकं शोभेसाठी घेतलेली असतात आणि फवारणीही त्याच हिशेबाने होते. गोजी घेताना चार दाणे गार पाण्यात टाकून बघा. पाणी लगेच लालभडक झालं तर रंग लावलेला आहे. चांगली गोजी फिकट पिवळसर रंग सोडते आणि तिला झणझणीत गंधकाचा वास येत नाही.

संत्र्याच्या सालीचं थोडक्यात. दक्षिण चीनमधल्या शिन्हुई भागातली साल किमान तीन वर्षं मुरवतात, तेव्हा तिचा उग्रपणा जातो. घरी वाळवलेली ताजी साल तीव्र असते, दोन कपांना १ ग्रॅम पुरे, दहा मिनिटांचा काढा. अर्ल ग्रे हा सुवासिक इंग्रजी चहा आवडणाऱ्यांना हा रुचतो, कारण त्यातला बर्गमॉटही लिंबूवर्गीयच.

आता जपून वागायचं. ज्येष्ठमध चिनी काढ्यांत सर्रास असतं आणि जुन्या नाशकातल्या काष्ठौषधीच्या दुकानात सहज मिळतं. पण रोज घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी ते टाळावंच, बाकीच्यांनीही कधीतरीच, कपाला अर्धा ग्रॅम. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल तर गोजी नको. गाजरगवताची ॲलर्जी असलेल्यांना शेवंतीही त्रास देऊ शकते, दोन्ही एकाच कुळातल्या वनस्पती आहेत. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नये. हा चहा आहे, कुठल्याही औषधाला पर्याय नाही.

वेळ इंग्रजांचीच बरी, दुपारी चार. जेवणाला लागून घेतलेला चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही, मध्ये तासभर जाऊ द्या. सोबत काकडीचं सँडविच किंवा नानकटाई. नाशिकचा तिखट चिवडा आल्याच्या चहाबरोबर चालतो, शेवंतीच्या चहाबरोबर नको, फुलाचा वास जिभेवर टिकत नाही.

पावसाळ्यात गोजीचा गोळा होतो आणि लाल बोराला कीड लागते. दोन्ही घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा, पण चहाची पानं फ्रिजबाहेर, मसाल्याच्या डब्यापासून लांब.