भंगारातली जुनी हबकॅप कुठल्या गाडीची, हे कसं ओळखायचं?

नाशिकला बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात नाहीतर एखाद्या भंगारवाल्याकडे कधीकधी हबकॅप, म्हणजे गाडीच्या चाकाच्या मधोमध बसणारी वाटीएवढी धातूची टोपी हाताला लागते, विकणारा छातीठोकपणे सांगतो "रोल्स रॉइसची आहे साहेब" आणि आपण लगेच वरचं नाव वाचायला लागतो. नाव नंतर वाचा. आधी ती उलटी करा.

आत आटे आहेत का बघा. आटे असतील तर बहुतेक ती लाकडी आऱ्यांच्या चाकाची. त्या काळी ही टोपी शोभेची नव्हती, हबमधलं (चाकाच्या मधल्या तुंब्यातलं) ग्रीस आत राहावं आणि धूळ बाहेर, म्हणून बसवलेलं झाकण होतं, त्यामुळे आकार लहान आणि पाना लागावा म्हणून कडेला सहा नाहीतर आठ पैलू. फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) ची टोपी आट्यांवर फिरवून बसते आणि नंतरच्या मॉडेल ए (१९२८ ते १९३१) ची दाबून बसते, नाव दोन्हीवर फोर्डच, म्हणून तर म्हणतोय मागून बघा. अख्खं चाक झाकणारी मोठी थाळी असेल तर ती बरीच नंतरची, तिचा विषयच वेगळा.

दोन कान असलेला जड नट मिळाला तर तो तारेच्या चाकाचा, हातोडीने ठोकून काढायचा. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलटसुलट असतात, त्यावरून कुठल्या बाजूचा तेही कळतं.

मग धातू. लोहचुंबक लावा, पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमला चिकटत नाही. साधारण १९१५ पर्यंत पितळेची चलती, पुढे निकेल आणि विसाच्या दशकाच्या शेवटी क्रोम. निकेलची चमक जरा पिवळसर, क्रोमची निळसर. वर मुलामा असेल आणि आत पितळ आहे का ते कळत नसेल तर भांडी बाजारातला जुना माणूस हातात घेऊन सांगेल. पण एक आहे, क्रोम मागाहूनही चढवतात, त्यामुळे नुसत्या चमकेवरून साल ठरवू नका.

आता चिन्ह. लाल षटकोन असेल तर पॅकार्ड, पांढरा त्रिकोण हडसन, दोन त्रिकोण एकमेकांत अडकून झालेली चांदणी आणि मध्ये डीबी अक्षरं म्हणजे डॉज ब्रदर्स. व्ही-८ लिहिलेली फोर्ड टोपी १९३२ च्या आधीची असूच शकत नाही, ते इंजिनच तेव्हा आलं. बो-टाय म्हणजे शेवरोले, आणि जनरल मोटर्सने १९२८ ला मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती, तेव्हा आपल्या भागात ती निघाली तर नवल नाही. फोर्डवर "मेड इन यूएसए" नसेल तरी लगेच नकली म्हणू नका, हिंदुस्थानात फोर्ड कॅनडाच्या कंपनीकडून यायच्या.

शेवटी मापं घ्या. व्हर्नियरने आतला व्यास मोजा, पट्टी लावून एका इंचात किती आटे बसतात ते मोजा आणि चिन्हाबरोबर लिहून ठेवा, कारण एकाच चिन्हाच्या टोप्या वेगवेगळ्या मॉडेलला वेगवेगळ्या मापाच्या निघतात. साफ करताना रॉकेल आणि जुना टूथब्रश पुरे. चिंच किंवा पितांबरी लावून घासत बसू नका, निकेलचा थर पातळ असतो, तो गेला की अक्षरांच्या कडाही जातात आणि घेणारा पहिलं तेच बघतो.