पात्यावरचे चिवट ग्रीस काढण्यापूर्वीची तयारी

वर्षानुवर्षे साठवणीत पडून राहिलेल्या सुरीच्या पात्यावर गंज चढू नये म्हणून फासलेले ग्रीस पेट्रोलियमपासून बनलेले, मेणासारखे असते आणि त्यातला उडून जाणारा भाग निघून गेला की मागे तपकिरी, चिवट थर उरतो. तो साबणाला दाद देत नाही. मात्र पन्नास अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतो. म्हणून तयारीला रॉकेलपासून नव्हे, उष्णतेपासून सुरुवात करावी.

ही उष्णता खानदेशात उन्हाळ्यात फुकट मिळते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो आणि उन्हातला काळा पत्रा त्याहून पुष्कळ जास्त तापतो. गच्चीवर असा पत्रा, त्यावर रद्दीच्या जाड घड्या आणि मुलांचा हात पोहोचणार नाही अशी जागा, एवढे आधी पाहून ठेवावे. दुपारभर पाते तिथे राहिले की बरेचसे ग्रीस पाझरून कागदात मुरते. लाकडी मूठ तडकू नये म्हणून ती जाड फडक्याने झाकावी. पावसाळ्यात किंवा थंडीत हेच काम असेल, तर स्वयंपाकात पुन्हा न वापरायचे एखादे उभट भांडे व उकळते पाणी तयार ठेवावे आणि त्यात फक्त पातेच बुडवावे. उकळत्या पाण्याने पोलादाचे पाणी, म्हणजे त्याला तापवून-थंड करून आणलेला कडकपणा, उतरत नाही. गॅसच्या ज्योतीवर धरल्यास मात्र उतरते, आणि ते नुसत्या धार लावण्याने परत येत नाही.

उरलेल्या थरासाठी रॉकेल लागते; ते सहज मिळाले नाही तर रंगाच्या दुकानातले मिनरल टर्पेंटाइन चालते. इथे मात्र ज्या उन्हाचा फायदा घेतला त्याच उन्हापासून जपावे लागते, कारण या दोन्ही द्रवांची वाफ साधारण 35 ते 40 अंशांनाच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडची मे महिन्यातली दुपार ती मर्यादा सहज ओलांडते. त्यामुळे पाते तापवणे दुपारी आणि रॉकेलचे काम दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात, उघड्या अंगणात, चुलीपासून व देवघरातल्या दिव्यापासून दूर, अशी वेळ ठरवूनच ठेवावी. पेट्रोल घरात आणूच नये. त्याची वाफ कडाक्याच्या थंडीतही पेटते.

हाताशी सुती चिंध्या, जुना दात घासायचा ब्रश, खरवडण्यासाठी बांबूची चपटी काडी आणि नायट्राइलचे (तेलाला टिकणाऱ्या कृत्रिम रबराचे) हातमोजे असावेत. लोखंडी काथ्या व पॉलिश पेपर बाजूलाच राहू द्यावेत, कारण त्यांनी ग्रीसबरोबर पात्याचा मूळ मुलामाही जातो. पुसताना चिंधी नेहमी पाठीकडून धारेकडे न्यावी. ग्रीसमुळे धार दिसत नाही आणि मोजा ती अडवत नाही. मूठ जिथे पात्याला मिळते त्या फटीत ग्रीस हमखास दडलेले असते, म्हणून काडीचे टोक थोडे तासून ठेवावे.

शेवटी भांडी घासायचा साबण, गरम पाणी आणि कोरडे फडके लागेल. पाते स्वच्छ झाले की नाही हे पाहण्यासाठी त्यावर पाणी ओतावे: ते सलग पसरले तर ग्रीस गेले, थेंब थेंब होऊन राहिले तर अजून आहे. साध्या पोलादाचे उघडे पाते पावसाळी हवेत काही तासांतच तांबूस पडू लागते. तेव्हा शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आधीच उघडून ठेवावी आणि सुरी स्वयंपाकघरात जाणार असल्यास त्याऐवजी खाण्यायोग्य प्रतीचे मिनरल ऑइल घ्यावे. शेंगदाणा तेल घरोघरी असले तरी ते कालांतराने चिकट होते. वापरलेले रॉकेल मोरीत ओतू नये, झाकणाच्या डब्यात ठेवावे. गाळ खाली बसला की वरचे पुढच्या पात्याला चालते. भिजलेल्या चिंध्या ढीग न करता उघड्यावर सुटसुटीत वाळवाव्यात.